घरच्या घरी स्कूटर चार्जिंग : वाचकांचे प्रश्न

विजेवर चालणाऱ्या स्कूटरविषयी आलेल्या बहुतेक प्रश्नांत काळजी बॅटरीची आहे आणि ती रास्तच आहे. पण घरच्या चार्जिंगमधला धोका पुष्कळदा भिंतीतल्या सॉकेटपासून सुरू होतो, म्हणून सुरुवात तिथून केली आहे. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : चार्जर खोलीतल्या साध्या ५ अँपिअरच्या सॉकेटला लावतो. दोन तासांत पिन हात लाववत नाही इतकी तापते. सॉकेटभोवती तपकिरी डागही पडला आहे. एमसीबी (बोर्डावरचा, करंट जास्त झाला की पडणारा स्विच) मात्र एकदाही पडलेला नाही. चार्जर बिघडला असेल का?

चार्जर बहुधा ठीक आहे, सॉकेट गेला आहे. तो आजपासून वापरू नका, आणि दुसरे काही उपकरणही त्यावर लावू नका.

हिशोब पाहा. गाडीबरोबर मिळणारा चार्जर साधारण ७५० वॉटचा असतो. २३० व्होल्टवर तो सुमारे ३.३ अँपिअर घेतो. ५ अँपिअरच्या सॉकेटला हा आकडा झेपायला हवा. पण मिक्सर पाच मिनिटे चालतो, इस्त्री थर्मोस्टॅटवर चालू-बंद होत राहते, आणि चार्जर मात्र चार-पाच तास सलग तेवढाच करंट ओढतो. सॉकेटच्या आतली पितळी पट्टी सैल पडली असेल, तर पिन आणि पट्टी यांच्यामध्ये रोध तयार होतो. तो अर्धा ओहम जरी धरला, तरी ३.३ गुणिले ३.३ गुणिले ०.५, म्हणजे सुमारे साडेपाच वॉट उष्णता त्या इवल्याशा जागेत तासन्‌तास साठत राहते. उष्णतेने पट्टीची स्प्रिंग आणखी ढिली होते, पितळ काळे पडते, रोध वाढतो आणि उष्णताही वाढते. हे चक्र एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही.

एमसीबी का पडत नाही, याचे उत्तरही यातच आहे. करंट ३.३ अँपिअरच आहे, ठरलेल्या मर्यादेच्या आत. एमसीबीला जास्तीचा करंट कळतो, सैल जोड कळत नाही. म्हणून इथे तुमचा हात हेच खरे मोजमाप. चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासाने स्विच बंद करा, प्लग काढा आणि पिन चाचपून पाहा. कोमट लागली तर चालेल. चटका बसला तर जोड सदोष आहे.

करायचे काम असे. चार्जिंगसाठी १६ अँपिअरचा थ्री-पिन सॉकेट आणि त्याच क्षमतेचा स्विच बसवा. त्याला मुख्य बोर्डापासून २.५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीची स्वतंत्र लाइन द्या. त्या लाइनवर १६ अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, ठेवा. आरसीसीबी घेताना ‘टाइप ए’ मागा. चार्जरसारख्या इलेक्ट्रॉनिक उपकरणात गळती झाली तर ती शुद्ध एसी नसते, आणि साध्या ‘टाइप एसी’ला ती नीट ओळखता येईलच असे नाही. सॉकेटमागचे स्क्रू वायरमनकडून घट्ट करून घ्या आणि वर्षातून एकदा पुन्हा तपासा. तापण्या-निवण्याने तेही ढिले पडतात.

चार्जरचा प्लग ५ अँपिअरचा असेल, तर १६ अँपिअरच्या सॉकेटात बसवण्यासाठी कन्व्हर्टर लावण्याचा मोह होतो. तो टाळा. कन्व्हर्टर म्हणजे आणखी एक सैल जोड. त्यापेक्षा दोन्ही मापांच्या पिना नीट धरणारा चांगल्या प्रतीचा सॉकेट बसवा. जुना प्लग काळा पडला असेल तर नव्या सॉकेटात तो लावू नका, कारण खराब पिन नवी पट्टीही खराब करते.

प्रश्न : चार्जिंग चालू असताना गाडीच्या उघड्या धातूला हात लावला की झिणझिण्या येतात. चप्पल घातली की काही जाणवत नाही. चालेल का?

चालणार नाही. तुमच्या सॉकेटला अर्थिंग मिळत नाही, असा याचा अर्थ आहे.

चार्जरच्या आत विजेतली खरखर गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून अर्थला जोडलेले असतात. अर्थची वायर शाबूत असेल तर त्यांच्यातून जाणारा किरकोळ करंट जमिनीत जातो. वायर तुटलेली असेल तर चार्जरची धातूची पेटी, आणि काही रचनांमध्ये गाडीचा सांगाडाही, मधल्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास लटकून राहतो. करंट अगदी थोडा असल्याने फक्त झिणझिण्या येतात. मात्र उद्या चार्जरच्या आतले इन्सुलेशन फाटले, तर त्याच धातूवर पूर्ण २३० व्होल्ट येतील आणि त्यांना जमिनीकडे जायला तुमच्याखेरीज दुसरी वाट नसेल.

नुसत्या मल्टिमीटरने केलेली तपासणी इथे फसवी ठरते. फेज आणि अर्थ यांच्यात २३० व्होल्ट दिसले म्हणजे अर्थिंग चांगले, असे नाही. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे गंजलेल्या एका तारेवरूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. वायरमनला १०० वॉटचा साधा पिवळा बल्ब फेज आणि अर्थ यांच्यामध्ये लावून पाहायला सांगा. फेज-न्यूट्रलवर तो जसा पेटतो तसाच लख्ख पेटला तर अर्थिंग ठीक. मंद पेटला किंवा पेटलाच नाही, तर वायर तुटलेली आहे किंवा अर्थिंगचा जमिनीतला खड्डा कोरडा पडला आहे. लाइनवर आरसीसीबी असेल तर बल्ब लावताच तो पडेल. त्याचे ते कामच आहे. अशा वेळी अर्थचा रोध मोजणारे मीटर असलेल्या माणसाला बोलवावे.

एक गोष्ट कुणी सुचवली तरी करू देऊ नका : सॉकेटमागे न्यूट्रल आणि अर्थ यांना तुकड्याने जोडणे. झिणझिण्या त्याने लगेच थांबतात. पण पुढे कुठे न्यूट्रल तुटला, तर गाडीच्या सांगाड्यावर थेट फेज येतो. प्लगची जाड तिसरी पिन कापून दोन पिनांवर चार्जर चालवणेही तितकेच घातक आहे.

प्रश्न : रोज १०० टक्के चार्ज करावे की ८० टक्क्यांवर थांबावे? दोन्ही सल्ले मिळतात.

दोन्ही सल्ले बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या बॅटऱ्यांचे आहेत. आधी आपली बॅटरी कोणत्या रसायनाची आहे ते माहितीपुस्तिकेत किंवा पॅकवरच्या पट्टीवर पाहा.

एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्ट असेल, तर पूर्ण भरलेल्या सेलचा व्होल्टेज ४.२ असतो. इतक्या उंचीवर सेलमधला द्रव इलेक्ट्रोलाइट हळूहळू विघटित होत राहतो, आणि गरम हवेत ही क्रिया झपाट्याने होते. गाडी चालवा किंवा उभी ठेवा, झीज चालूच राहते. म्हणून रोजच्या वापराला ८० ते ९० टक्के पुरे. लांब जायचे असेल त्या दिवशी १०० टक्के खुशाल करा. १०० टक्के करण्याने फारसे बिघडत नाही, १०० टक्क्यांवर उन्हात दोन दिवस उभी ठेवल्याने बिघडते. खालच्या बाजूला २० टक्क्यांच्या आत रोज रोज उतरू नये.

एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट असेल, तर पूर्ण चार्जला सेल ३.६५ व्होल्टपर्यंतच जातो आणि त्याला वरच्या टोकाचा त्रास कमी होतो. इथे अडचण वेगळी आहे. ही बॅटरी रिकामी होताना व्होल्टेज बराच काळ ३.२ ते ३.३ च्या आसपास खिळून राहतो. त्यामुळे नुसत्या व्होल्टेजवरून ७० टक्के उरलेत की ४० टक्के, हे गाडीला ओळखता येत नाही. ती आत गेलेला आणि बाहेर पडलेला करंट मोजून अंदाज बांधते, आणि हा अंदाज दिवसागणिक चुकत जातो. पूर्ण चार्ज झाला की मोजणी जाग्यावर येते. म्हणून एलएफपीला आठवड्यातून एकदा १०० टक्के करावेच. स्क्रीनवर २५ टक्के दिसत असताना गाडी अचानक बंद पडल्याच्या तक्रारी येतात, त्यांत हा पूर्ण चार्ज कित्येक आठवडे झालेला नसणे हे एक मोठे कारण असते.

एनएमसीलाही दोन ते चार आठवड्यांतून एकदा पूर्ण चार्ज हवा, पण तो सेलच्या समतोलासाठी. पॅकमध्ये अनेक सेल ओळीने जोडलेले असतात आणि सगळे सारखे भरत नाहीत. पुढे गेलेल्या सेलमधला जास्तीचा चार्ज बीएमएस, म्हणजे पॅकमधले सेलवर नजर ठेवणारे सर्किट, एका रोधकातून जाळून टाकते, आणि बहुतेक पॅकमध्ये हे काम चार्जिंगच्या शेवटी-शेवटीच होते. तो करंट फार छोटा असतो, ५० ते १०० मिलिअँपिअरच्या घरात. ५० अँपिअर-तासाच्या पॅकमध्ये एक सेल फक्त १ टक्का पुढे असला, तरी ५० मिलिअँपिअरने तो जुळायला १० तास लागतात. म्हणून त्या दिवशी १०० टक्के दिसताक्षणी प्लग काढू नका. आणखी तास-दोन तास राहू द्या.

शेवटचे १०–१५ टक्के भरायला इतका वेळ का लागतो, असेही अनेकांनी विचारले आहे. चार्जर आधी ठरावीक करंट देतो. व्होल्टेज मर्यादेला टेकला की तो व्होल्टेज स्थिर धरून करंट कमी कमी करत नेतो. बिघाड नाही.

प्रश्न : रात्रभर चार्जिंगला लावून झोपतो. बरोबर आहे का?

बॅटरी भरली की चार्जर थांबतो, त्यामुळे जास्त भरण्याची भीती नाही. तरीही आम्ही पहाटेचे चार्जिंग सुचवतो. संध्याकाळी गाडी येते तेव्हा पॅक आतून तापलेला असतो, पहाटेपर्यंत तो निवतो. शिवाय भरल्यावर लगेच गाडी बाहेर पडते, पूर्ण भरलेल्या अवस्थेत उभी राहत नाही. ३ किलोवॉट-तासाचा पॅक २० वरून ९० टक्के करायला २.१ किलोवॉट-तास भरावे लागतात. ७५० वॉट घेणारा चार्जर त्यातले साधारण ६६० वॉट बॅटरीत पोचवतो, म्हणजे सव्वातीन तास. सकाळी आठला निघायचे असेल तर साडेचारला सुरू होईल असा टायमर लावा. गाडीच्या ॲपमध्ये सोय असेल तर उत्तम. वेगळा टायमर घेणार असाल तर तो १६ अँपिअरचाच घ्या.

लगेचच चार्ज करायचे असेल तर गाडी सावलीत उभी करून निदान ४५ मिनिटे थांबा. लिथियम सेल ४५ अंशांपेक्षा जास्त तापलेले असताना चार्ज करू नयेत, आणि शून्याखाली तर मुळीच नाही. थंड सेलमध्ये लिथियम आत मुरत नाही, पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचतो, आणि ते नुकसान भरून येत नाही.

प्रश्न : घर तिसऱ्या मजल्यावर, गाडी तळमजल्यावर. बाल्कनीतून एक्स्टेंशन सोडले तर?

नको. बाजारातल्या बहुतेक एक्स्टेंशन बोर्डांची वायर बारीक असते, ती पाऊस आणि उन्हासाठी नसते, आणि गुंडाळलेल्या भेंडोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही. कधीतरी नाइलाजाने वापरावेच लागले, तर किमान १.५ स्क्वेअर एमएमची वायर, पूर्ण उलगडलेली, आणि जोड जमिनीपासून उंच कोरड्या जागी.

कायमचा उपाय म्हणजे तुमच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत पाइपातून किंवा आर्मर्ड केबलने वेगळी लाइन. अंतर ४० मीटर धरले, तर जाऊन-येऊन ८० मीटर तांबे. २.५ स्क्वेअर एमएमचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम असतो, म्हणजे इथे ०.६ ओहम. ३.३ अँपिअरला जेमतेम २ व्होल्ट पडतात, त्यामुळे ही वायर पुरेल. पुढे जास्त क्षमतेचा चार्जर घेण्याचा विचार असेल तर आत्ताच ४ स्क्वेअर एमएम टाका. पाइप पुन्हा फोडावा लागत नाही. एमसीबी आणि आरसीसीबी मीटरकडच्या टोकाला बसवा, म्हणजे सगळी केबल त्यांच्या संरक्षणात येते. खालचा सॉकेट झाकणाचा, कुलूप लावता येणारा आणि पाणी साचते त्या पातळीच्या वर असावा.

प्रश्न : जुन्या स्कूटरमध्ये १२ व्होल्टच्या पाच लेड-ॲसिड बॅटऱ्या आहेत. त्या काढून ६० व्होल्टचा लिथियम पॅक बसवतोय. जुना चार्जर चालेल ना? दोन्ही ६० व्होल्टच आहेत.

चालणार नाही. ‘६० व्होल्ट’ हे नुसते नाव आहे. चार्जर थांबतो तो आकडा महत्त्वाचा.

लेड-ॲसिडचा चार्जर प्रत्येक बॅटरीला १४.४ ते १४.८ व्होल्ट देतो, पाचांना मिळून ७२ ते ७४. एनएमसीचे १६ सेल ओळीने असतील तर त्यांची कमाल मर्यादा १६ गुणिले ४.२, म्हणजे ६७.२ व्होल्ट. जुना चार्जर त्यांना पाच ते सात व्होल्ट जास्त देऊ पाहील. बीएमएस तोडेल हे खरे, पण बीएमएस हा शेवटचा पहारेकरी आहे. रोजचा चार्जिंग-स्विच म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवली आणि तो एकदा चुकला, तर पुढे आग आहे. एलएफपीचे २० सेल असतील तर मर्यादा ७३ व्होल्ट येते आणि आकडा जुळल्यासारखा वाटतो. तिथेही घोटाळा आहेच : लेड-ॲसिडचा चार्जर काम संपल्यावर बंद होत नाही, फ्लोट व्होल्टेजवर, म्हणजे बॅटरी भरलेली ठेवणाऱ्या थोड्या कमी व्होल्टेजवर, चालूच राहतो. काही चार्जर सल्फेट मोडण्यासाठी उंच व्होल्टेजचे झटकेही देतात. लिथियमला यातले काहीच नको असते.

पॅक बनवणाऱ्याकडून चार गोष्टी लिहून घ्या : रसायन, ओळीतल्या सेलची संख्या, पूर्ण चार्जचा व्होल्टेज आणि बीएमएसची सलग करंटची क्षमता. चार्जरच्या पट्टीवरचा आउटपुट तिसऱ्या आकड्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. आणि बीएमएसची क्षमता तुमच्या कंट्रोलरच्या (मोटरला करंट पुरवणाऱ्या भागाच्या) कमाल करंटपेक्षा जास्त हवी, नाहीतर चढावर गाडी झटक्यात बंद पडेल.

लेड-ॲसिडच ठेवणार असाल, तर वर लिहिलेला ८० टक्क्यांचा नियम विसरा. तिथे उलटे आहे. ती बॅटरी अर्धवट भरलेली राहिली की प्लेटवर सल्फेट जमून घट्ट होते. थोडी वापरली तरी त्याच दिवशी पूर्ण भरा, आणि हवेशीर जागी, कारण चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन सुटतो.

प्रश्न : तीन महिने बाहेरगावी जाणार आहे. गाडीचे काय करावे?

लिथियम पॅक ५० ते ६० टक्क्यांवर आणून ठेवा. काढता येत असेल तर काढून थंड, कोरड्या जागी. बसवलेला असेल तर गाडीतला मुख्य एमसीबी किंवा आयसोलेटर (बॅटरी तोडणारा स्विच) बंद करा. सेल स्वतः महिन्याला दोन-तीन टक्केच गमावतात. पॅक खाली जातो तो गाडीतल्या ट्रॅकर आणि इतर इलेक्ट्रॉनिक्समुळे. महिन्यातून एकदा कुणाला तरी पाहायला सांगा आणि ३० टक्क्यांच्या खाली गेल्यास पुन्हा ५० पर्यंत भरायला सांगा. गाडीत वेगळी १२ व्होल्टची छोटी बॅटरी असेल तर तिचेही टर्मिनल सोडवा.

परत आल्यावर पॅक अगदी मेलेला दिसला, तर बाहेरून थेट व्होल्टेज देऊन ‘उठवणाऱ्या’कडे नेऊ नका. सेल बराच काळ २ व्होल्टच्या खाली राहिला की आतला तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. पुन्हा चार्ज करताना ते तांबे नको तिथे जमते आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. पॅक वरवर उठतो, काही दिवस चालतोही. म्हणूनच तो जास्त धोकादायक.

प्रश्न : दोन वर्षांत रेंज कमी झाली. बॅटरी बसली हे नक्की कसे ओळखावे?

आधी टायरमधली हवा आणि घासणारे ब्रेक पाहा. मग प्लगमध्ये लावायचा युनिट-मीटर घ्या. गाडी २० टक्क्यांपर्यंत वापरा, थंड होऊ द्या आणि १०० टक्के होईपर्यंत किती युनिट गेले ते टिपा. ३ किलोवॉट-तासाच्या नव्या पॅकमध्ये ८० टक्के म्हणजे २.४. चार्जरमधली घट धरून भिंतीतून सुमारे २.७ युनिट जायला हवेत. मीटरने २.२ दाखवले तर क्षमता नव्याच्या साधारण ८० टक्के उरली आहे. एका मोजणीवर विसंबू नका, तीन वेळा घ्या. वॉरंटीचा दावा करताना ही नोंद हाताशी असलेली बरी. युनिट पूर्वीइतकेच जात असतील आणि तरी रेंज कमी असेल, तर दोष बॅटरीत नाही.

प्रश्न : बॅटरी काढून घरात चार्ज करतो. कुठे ठेवावी?

फरशीवर, भोवती अर्धा मीटर मोकळी जागा सोडून. पलंग, सोफा, कपड्यांचे कपाट, गॅस यांच्याजवळ नको. आणि मुख्य दरवाजाच्या किंवा जिन्याच्या वाटेत कधीच नको, कारण काही झाले तर बाहेर पडायची वाट तीच असते. चार्जरवर कापड टाकू नका. स्विच बंद असताना आधी दोन्ही जोड लावा, मग स्विच चालू करा. काढताना आधी स्विच बंद. चालू असताना जोड ओढला की ठिणगी पडते आणि पिना खाचतात.

पॅक हातातून जोरात पडला असेल, फुगला असेल, चार्जिंग नसताना गरम लागत असेल किंवा नेलपॉलिशसारखा गोडसर वास येत असेल, तर तो चार्ज करू नका. जमल्यास घराबाहेर मोकळ्यावर ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला कळवा. फुसफुस आवाज किंवा धूर सुरू झाला असेल तर त्याला हातही लावू नका. सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या, अग्निशमन दलाला बोलवा आणि लिथियम बॅटरी आहे हे सांगा. धूर विषारी असतो. छोट्या अग्निशामकाने ज्वाळा विझल्या तरी आतले सेल काही तासांनी पुन्हा पेटू शकतात.

प्रश्न : वीज गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर चार्ज करता येईल?

करू नका. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या इन्व्हर्टर बॅटरीत मुळात १.८ किलोवॉट-तास असतात आणि ते सगळे काढता येत नाहीत. चार्जर एकटाच ७५० वॉट ओढणार. एका बॅटरीतून दुसरीत भरण्यात दोनदा घट होते. चार्जिंग मधेच थांबल्याने लिथियमचे काही बिघडत नाही. वीज येईपर्यंत स्विच बंद ठेवा आणि आल्यावर पाच मिनिटे थांबून लावा, म्हणजे सुरुवातीच्या झटक्यातून चार्जर वाचतो.

प्रश्न : पॅक ‘आयपी६७’ आहे. म्हणजे प्रेशर पंपाने धुतली तर चालेल?

आयपी६७ ची चाचणी एक मीटर खोल, स्थिर पाण्यात अर्ध्या तासाची असते. जोराच्या फवाऱ्याची ती हमी नाही. शिवाय ती पॅकची आहे, चार्जिंग पोर्ट आणि वायरींच्या जोडांची नाही. ओल्या फडक्याने पुसा. पोर्ट भिजला असेल तर पूर्ण वाळेपर्यंत प्लग लावू नका. पिनांवर हिरवट थर दिसला तर तो खरवडत बसू नका, पोर्ट बदलून घ्या. पुराच्या पाण्यात गाडी बुडाली असेल तर ती चार्जही करू नका आणि चालूही करू नका. घरापासून दूर, उघड्यावर उभी करा आणि पॅक तपासून घ्या. आत शिरलेले पाणी वाळल्यावरही मागे राहिलेल्या क्षारांमुळे कित्येक दिवसांनी शॉर्ट होऊ शकतो.